डब्यांची रांग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गिरणीचा दगड झाडणं. त्यात विशेष काही नव्हतं, एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही तो झाडायचोच. मी कप्पीची साखळी ओढून वरचा दगड हातभर उचलून धरला होता आणि इंदू, म्हणजे माझी बायको, खाली वाकून कुंच्याने खालच्या दगडाच्या खाचांतलं पीठ काढत होती. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. त्या वेळी मुलुंडच्या आमच्या गल्लीत कोणी फिरकत नाही, समोरच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ तेवढा बडबडत असतो. "साखळी नीट धरा," इंदू खालून म्हणाली, "खाली माझी मान आसा, नारळ नाय." मी म्हणालो, "नारळ असता तर इतकी वर्षं ठेवला असता का?" ती हसली आणि पीठ नाकात जाऊन तिला शिंका आल्या. सहा शिंका. मी साखळी धरून मोजत उभा. मग तिने पदराने नाक पुसलं, मोबाईल गव्हाच्या डब्यात खोचला, आणि आम्ही व्हिडिओ काढला. रिकामा, स्वच्छ दगड, त्यावर तिचा हात. खाली तिने लिहिलं, "उद्या सकाळी सात वाजता फक्त उपवासाचं दळण. डबे आजच आणून ठेवा." संध्याकाळपर्यंत अकरा डबे रांगेत लागले. दगडावर तिने धुतलेलं धोतर पांघरलं आणि मला बोट दाखवून दम दिला, "आता ह्याका हात लावशात तर बघा."

त्या दिवसाचं पुढचं मी शेवटी लिहीन. मला रडगाणं लिहायचं नाही. माझ्या लहानपणाबद्दल मी मागे लिहिलंय, पण माणूस एकदाच लहानाचा मोठा होतो असं नाही. माझं दुसऱ्यांदा झालं ते सदुसष्टाव्या वर्षी. नवीन शिकलो, तोंडावर आपटलो, बायकोकडून ओरडा खाल्ला, लाजलो, लोकांना आवडलो. सोळाव्या वर्षी तरी दुसरं काय होतं? सोळाव्या वर्षी माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

गिरणी मूळ माझ्या काकांची. मालवणकडून चौथी शिकून मी त्यांच्याकडे आलो, आणि पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते बोलायला नाही, हाताने खुणा करायला. गिरणी चालू असली की कानात दुसरं काही शिरत नाही. जमीन हलते, भिंत हलते, दातसुद्धा हलतात. तेव्हा गिऱ्हाईक आणि गिरणीवाला हातांनी बोलतात. अंगठा पहिल्या बोटावर घासला की बारीक. मूठ हलवली की जाडसर. तळहातावर दुसऱ्या हाताची कड ठेवली की अर्धं-अर्धं. मनगटावर मनगट आडवं ठेवलं की बंद. बोटांवर फुंकर मारली की डबा गरम आहे, सांभाळून. लग्न होऊन इंदू आली आणि तिने आणखी वीस-पंचवीस खुणांची भर घातली. नाकाखाली आडवं बोट, म्हणजे मिशी, म्हणजे मी. कपाळावर बोट, म्हणजे कुंकू, म्हणजे ती. गिऱ्हाइकांच्याही खुणा होत्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. समोर बाई डबा घेऊन उभी असायची आणि इंदू मला हाताने सांगायची, ही मागच्या वेळी आपल्याला काय बोलली होती ते. मी हसू दाबत धान्य ओतायचो. पस्तीस-छत्तीस वर्षं आमचा निम्मा संसार असा मुक्याने झाला, आणि तो निम्मा भांडणाशिवाय झाला.

मग हळूहळू डबे कमी झाले. लोक पिशवीतलं तयार पीठ घ्यायला लागले. पूर्वी सकाळी फुटपाथवर डब्यांची रांग लागायची. माणसं घरी जाऊन आंघोळ करून यायची, डबा त्यांच्या जागी उभा राहायचा. कोणी कोणाचा डबा पुढे-मागे केला तर मारामारी. ती रांग आत आली, मग दारापाशी आली, मग एका सकाळी दोनच डबे. आमचा मुलगा संदेश मालाडला ऑफिसात आहे. रविवारी जेवायला यायचा. इंदूने त्याच्यासाठी बांगड्याचं तिखलं केलेलं असायचं, आणि तो काटे बाजूला काढता काढता म्हणायचा, "बाबा, गाळा भाड्याने द्या. केकवाला विचारतोय." एका रविवारी तो केकवाल्याला बरोबरच घेऊन आला. केकवाल्याने दगडाकडे बघून विचारलं, "हा निघेल ना?" मी म्हणालो, "तू निघ आधी." पण खरं सांगायचं तर संदेश चुकीचा नव्हता. आत उभं राहून दोन डब्यांची वाट बघणं काही चांगलं नाही. माणूस कुजतो. शेवटी इंदूनेच तोड काढली. "दिवाळीपर्यंत बघू," ती म्हणाली. "दिवाळीच्या भाजणीला रांग फुटपाथपर्यंत गेली तर गिरणी राहील. नाय गेली तर केक." संदेश म्हणाला, "आई, नक्की?" ती म्हणाली, "मी कधी शब्द फिरवलाय?" ते मात्र खोटं होतं. ती दिवसातून चारदा शब्द फिरवायची.

व्हिडिओचं खूळ रंजनाने आणलं. रंजना कांबळे, आमचं रोजचं गिऱ्हाईक. मूळची सोलापूरकडची, ज्वारीच्या भाकऱ्या करून विकते. पहाटे पीठ नेते आणि दुपारच्या आत ऑफिसवाल्यांना तिच्या भाकऱ्या पोचलेल्या असतात. आवाज असा की गिरणीतसुद्धा तिला खुणा लागत नाहीत. ती म्हणाली, "मामी, मी भाकरी थापताना मोबाईल मांडून ठेवते. माझं तोंडसुद्धा दिसत नाही, नुसते हात. लोक बघतात आणि ऑर्डर देतात. तुम्ही गिरणीचं टाका की." संदेशला हे कळलं तेव्हा तो त्याच्या ओळखीचा एक व्हिडिओवाला घेऊन आला. त्याच्याकडे दिवे, छत्र्या, काय नि काय. गिरणीत फिरून तो म्हणाला, "अंकल, आपण असं करू, तुम्ही दोन्ही हातांनी पीठ हवेत उडवायचं. मी स्लो मोशनमध्ये घेतो." इंदूने विचारलं, "कोणाचं पीठ?" तो म्हणाला, "कोणाचंही." इंदू म्हणाली, "अन्न उडवतात? तुझ्या आईक विचारून ये आधी." तो गेला तो गेला. छत्री तेवढी विसरला होता, ती दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला.

मग आम्हीच करायचं ठरलं. खर्च काही नाही. इंदूचा मोबाईल, त्याची काच कोपऱ्यात तडकलेली. पीठ जाऊ नये म्हणून त्याला पातळ पिशवी गुंडाळली, तोंडापाशी भोक पाडलं. उभा राहावा म्हणून पाच किलोच्या डब्यात गहू भरून त्यात खोचला. उजेडासाठी शटर पूर्ण वर. पहिल्या व्हिडिओच्या दिवशी मी आंघोळ करून, तेल लावून, भांग पाडून, संदेशच्या लग्नातला शर्ट घालून उभा राहिलो. आवाज नीट यावा म्हणून गिरणी बंद केली. इंदू म्हणाली, "हां, बोला." मी बोललो, "नमस्कार. आमच्याकडे सर्व प्रकारचं दळण दळून मिळेल." तेवढंच. घाम फुटला होता. रंजनाने तो तिच्या ग्रुपवर टाकला, तिथून गल्लीभर गेला, आणि संध्याकाळी माणसं यायला लागली. मला वाटलं, झकास! तर पहिला म्हणाला, "मामा, गिरणी बंद केलीत, वाईट वाटलं हो." दुसरी म्हणाली, "गिरणी विकली का? तो शर्टवाला नवीन मालक कोण?" कारण मला तीस वर्षांत कोणी भुवया काळ्या असताना बघितलंच नव्हतं. मी म्हणजे पिठाने पांढरा माणूस. आणि गिरणी म्हणजे घरघर. ती बंद दिसली म्हणजे मेली. दोन बायका तर जुने राहिलेले डबे परत न्यायला आल्या. केकवालाही आला. वाट लागली. इंदू पायरीवर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. मी तिच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "गिरणी चालू ठेवा. बनियनवर राहा. बोलायचं नाय." मी म्हटलं, मग करायचं काय? ती म्हणाली, "रोज करता तेच." तिने मोबाईल मांडला आणि समोर उभी राहून गिऱ्हाइकासारखी अंगठा घासून दाखवला. मी मान हलवली, ओतलं, बाहेर पडणारं पीठ चिमटीत धरून बघितलं, बोटांवर फुंकर मारून दाखवली. आणि सवयीने नाकाखाली बोट धरून तिला विचारलं, म्हणजे माझ्या चहाचं काय? तिने कपाळावर बोट ठेवून मनगटं आडवी केली. म्हणजे ती आज बंद आहे. हे सगळं व्हिडिओत आलं. रात्री ती पलंगावर चष्मा लावून बसली आणि प्रत्येक खुणेखाली अक्षरं लिहिली. "बारीक." "गरम आहे, सांभाळून." आणि शेवटी, "मामा चहा मागतात. मामी म्हणतात, स्वतः करून घ्या." सातवी शिकलेली बाई, एकेक अक्षर शोधून टाकत होती. मी झोपलो तरी चालूच.

तो व्हिडिओ चालला. किती लोकांनी बघितला ते मी विचारलं नाही, मला डबे मोजता येतात, बाकीचं नाही. पण बायका आल्या आणि गिरणी बंद असतानाही मला खुणा करायला लागल्या. शाळेतून परत येणारी पोरं लांबून बोटांवर फुंकर मारायची. ज्यांनी दळण सोडलं होतं त्या दोघी-तिघी "सहज" डबा घेऊन आल्या. मग आम्ही दर दोन-तीन दिवसांनी एक व्हिडिओ करायला लागलो. लाडवाचं बेसन किती रवाळ लागतं. भाकरीचं पीठ शिळं झालं तर भाकरी का तुटते. दगडाला टाकी लावतात म्हणजे काय करतात. मी छिन्नीने खाचा पाडताना तिने खाली लिहिलं, "मामांचं डोकं सोडून सगळ्याला धार लागते." मी ते वाचायला दोन दिवस लावले, तोवर गल्लीने वाचलं होतं. आज कोणी विचारलं की काका, दुकानाचा व्हिडिओ कसा करावा, तर मी सांगतो, आंघोळ करू नका. लोक हसतात. मी खरंच सांगत असतो.

नवरात्र आलं आणि इथे खरी गोष्ट घडली. उपवासाच्या दळणाला आमच्याकडे पूर्वी बरी गर्दी असायची. राजगिरा, वरी, शिंगाडा. इंदूला त्याचा व्हिडिओ हवा होता. तिने समोरून खूण केली, हात जोडले, मग हात झटकले. म्हणजे, उपवासाचं पीठ एकदम शुद्ध ना? मी मान हलवणार होतो. तीस वर्षं हलवतच होतो. पण तीन-चार महिने त्या मोबाईलसमोर उभं राहून खरं तेच करायची सवय लागली होती, हात आपोआप आडवा हलला. नाही. तिने गिरणी बंद करायला लावली. "काय नाय?" "अगं, शुद्ध कुठून असणार? आधीच्याचा गहू दगडात राहतोच. मूठभर तरी राहतो. तो पुढच्याच्या डब्यात जातो. तुला माहीत नाही का?" ती म्हणाली, "माका माहीत आसा. पण म्हणून सांगूचा काय?" मी म्हणालो, "मग नको टाकू. खोटं टाकणार असशील तर मला उभा करू नकोस." ती मोबाईल उचलून आत गेली. मला वाटलं, झालं, हा व्हिडिओ पुसला.

तिने पुसला नाही. तसाच टाकला, आणि खाली लिहिलं, "मामा म्हणतात, नाही. आधीच्याचा गहू राहतोच. सगळ्या गिरण्यांत राहतो. आम्ही आज सांगितलं."

दुसऱ्या दिवशी उपवासाचा एकही डबा नाही. नऊ वाजता सामंतबाई आल्या. मागच्या इमारतीत राहतात, मास्तरीण होत्या, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, काही सोडत नाहीत. फुटपाथवरूनच सुरू झाल्या, "अहो, तीस वर्षं तुम्ही मला गव्हाचा उपवास घडवलात?" मी म्हणालो, "हो." "हो काय? हो काय? लाज नाही वाटत?" "वाटली म्हणून तर सांगितलं." "आणि माझ्या पुण्याचं काय?" इंदू आतून म्हणाली, "पुण्यात थोडा गहू असलेला चालता, काकू. भाकरी मऊ होता." सामंतबाईंना हसू आलं होतं, मी बघितलं, पण त्यांनी ते गिळलं आणि डबा काखेत मारून चालत्या झाल्या. दोन दिवसांत जवळजवळ सगळे डबे गेले. उपवासाचे गेलेच, इतरही गेले. लोकांना वाटलं, हा आणखी काय काय सांगत नसेल. संदेशचा फोन आला, "बाबा, असं कोणी सांगतं का? आईने टाकलाच कसा?" मी इंदूकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. तोंड एवढंसं झालं होतं. दिवाळीला तीन आठवडे राहिले होते आणि रांगेत रंजनाचा एक डबा.

त्या दिवशी इंदू जेवली नाही. संध्याकाळी पेजेचं ताट तसंच ठेवून म्हणाली, "दगड उचलूंया." मी म्हटलं, काय? "टाकी लावताना उचलता ना? तसो. झाडायचा, पुसायचा. मग ज्याचा दळण त्याचीच पहिली मूठ दळायची आणि ती पाखरांका टाकायची. मग डबा लावायचा." मी म्हणालो, दर वेळी उचलायचा? माझी कंबर? ती म्हणाली, "तुमची कंबर गव्हान नाय मोडली, खऱ्यान मोडूंदे." दुसऱ्या दिवशी आम्ही तसंच केलं आणि मोबाईल मांडला. मी साखळी ओढली, दगड वर गेला. गिरणी आतून कशी असते ते लोकांनी कधी बघितलेलंच नव्हतं. खालचा दगड, त्यावर मधून कडेकडे गेलेल्या खाचा, सूर्याच्या चित्रासारख्या, आणि त्या खाचांत चिकटलेलं पीठ. इंदूने कुंच्याने काढून ते ताटात घेतलं आणि ताट मोबाईलला दाखवलं. "हा तो गहू," तिने लिहिलं. "सामंतकाकू, तुमचा."

सामंतबाई तासाभरात हजर. डबा ठेवला, पहिला नंबर लावला, आणि म्हणाल्या, "मी इथे उभी राहून बघणार. तीस वर्षांचं भरून काढायचंय." बघत उभ्या राहिल्या आणि दोन बायकांना आणलं. त्या दोघींनी आणखी चार आणल्या. पाखरांना मूठ टाकायला पोरं भांडायला लागली. आणि गंमत अशी की उपवास न करणाऱ्यांचेही डबे परत आले. एक म्हातारा म्हणाला, "जो स्वतःची चूक सांगतो तो माझा गहू चोरणार नाही." त्याला मी सांगितलं नाही की त्याच्याही डब्यात शेजाऱ्याची ज्वारी असते. तेवढं राहतंच.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी संदेश आला तेव्हा रांग फुटपाथवर होती, इस्त्रीवाल्याच्या टपरीला वळसा घालून. भाजणीचा वास गल्लीभर. भाजलेली चणाडाळ, धने, तांदूळ, सगळा मिळून तो गरम वास, दिवाळी म्हणजे मला अजून तोच वाटतो, कंदील वगैरे नंतर. संदेशने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि संध्याकाळपर्यंत डबे उचलले. इंदूने त्याचाही व्हिडिओ काढला. खाली लिहिलं, "केकवाला."

बरोबर एक हिवाळा आम्हाला तसा मिळाला. सकाळी गिरणी, दुपारी सोलकढी-भात आणि वामकुक्षी, चारला व्हिडिओ, रात्री पलंगावर तिची अक्षरं. मी विचारायचो, काय लिहिलंस? ती म्हणायची, उद्या लोकांकडून समजेल. आता वाटतं, ती अक्षरं लिहिताना मी शेजारी बसून बघायला हवं होतं. मी घोरत होतो.

तर त्या एकादशीच्या आदल्या दिवशी डबे लागले, दगडावर धोतर पांघरून झालं, आणि ती म्हणाली, "मी चाय टाकतंय, पाच मिनिटांत येवा." मी दहा मिनिटांनी गेलो. इस्त्रीवाल्याशी बोलत राहिलो होतो, कशाबद्दल ते आठवतही नाही. घरात चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती, झोपल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, हृदय. त्रास झाला नसेल म्हणाला. त्याला काय माहीत? पण मी ते धरून ठेवलंय. रात्री उशिरा स्मशानातलं सगळं उरकलं.

सकाळी साडेसहाला मी गिरणीत गेलो. घरात माणसं होती, संदेश म्हणाला, "बाबा, सुतक आहे, कुठे चाललात?" मी म्हणालो, डबे आहेत. शटर वर केलं. अकरा डबे रांगेत, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि दगडावर धोतर. मी स्टुलावर बसलो. सातला सगळी येणार, आणि मला दळता येणार नव्हतं. सुतकातल्या हाताचं उपवासाचं पीठ कोण खाणार? गुपचूप दळून दिलं असतं तर चाललं असतं, काहींना रात्रीत कळलंही नव्हतं. पण मग आम्ही दोघांनी ते सगळं कशाला केलं?

रंजना आली. रात्री रडून तिचा तो आवाज बसला होता. हातात रोजचा ज्वारीचा डबा, पण तो तिने मागे लपवला. मी म्हणालो, "दे." ती म्हणाली, "नको मामा. मी नुसती बघायला आले. आमच्यात सुतक पाळत नाहीत ते वेगळं, पण..." "तुझ्या भाकऱ्या?" "एक दिवस नाही होणार भाकऱ्या." "इंदू काय म्हणाली असती?" रंजना रडता रडता म्हणाली, "गो रांडे, डबो दी." हुबेहूब. आम्ही दोघंही हसलो, सकाळी साडेसहाला, त्या दिवशी. मग मी धोतर काढून घडी केलं. तिने झाडलेला दगड. त्यावर एक कण नव्हता. मी तो जरा वेळ बघितला, वरचा दगड खाली बसवला आणि गिरणी चालू केली. पहिली मूठ दळली, रंजनाने ती बाहेर नेऊन पाखरांना टाकली. मग डबा लावला.

मोबाईल मी खिशात आणला होता. गव्हाच्या डब्यात खोचला, पण चालू कसा करायचा ते मला येत नव्हतं, इतक्या दिवसांत कधी शिकलोच नाही. रंजनाने चालू केला. मी समोर उभा राहिलो. गिरणीची घरघर. कपाळावर बोट ठेवलं. मग तो हात उघडला, रिकामा. मनगटावर मनगट ठेवलं. दहा बोटं दाखवली, मग तीन. मग डब्यांकडे हात केला, घेऊन जा. रंजनाने कानाशी येऊन विचारलं, खाली काय लिहू? मी हात हलवला. काही नको. तिने तो तसाच टाकला.

सातला सगळी आली. गिरणी अजून चालू होती, रंजनाची शेवटची ओंजळ उतरत होती, म्हणून कोणाला बोलता आलं नाही. बरं झालं. सामंतबाई पुढे होत्या. त्यांनी कपाळावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या डब्याकडे हात केला, न्या. त्यांनी मान हलवली, नाही. दहा बोटं दाखवली, मग तीन. मग आपला डबा, जो जरा तिरका झाला होता, तो पायाने सरळ करून रांगेत नीट लावला आणि निघून गेल्या. नंतर कळलं, त्या एकादशीला त्यांनी केळ्यांवर काढली. त्यांच्या मागच्या बाईनेही डबा नेला नाही. तिच्या मागच्या माणसानेही नाही.

मी गिरणी बंद केली. अकराच्या अकरा डबे जागेवर होते. मी धोतर झटकून पुन्हा दगडावर पांघरलं आणि रंजनाच्या डब्यावर झाकण लावताना बोटांवर फुंकर मारून तिला दाखवली.